सल्ला : नवं शहर, एक कॅमेरा आणि चार महिन्यांची शिल्लक

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. लहान शहरातल्या एका स्टुडिओत चार वर्षं लग्नं, वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम असं सगळं केलं. दोन महिन्यांपूर्वी स्वतःचं काम सुरू करायला या मोठ्या शहरात आलो. इथे ओळखीचं कुणी नाही. माझ्याकडे एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, २४-७० आणि ५० मिमी अशा दोन लेन्स, एक फ्लॅश आणि लॅपटॉप आहे. सहा महिने पुरेल एवढी शिल्लक होती, आता चार महिन्यांची उरली. सोशल मीडियावर रोज फोटो टाकतो, लाइक येतात, पण आतापर्यंत एकच किरकोळ काम मिळालं. दोघांनी ‘सध्या पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल’ असं सांगून बोलावलं. कुणी रेट विचारला की मी गडबडतो आणि कमीच आकडा सांगून बसतो. दुसरी बॉडी किंवा लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स घेतली तर मोठे इव्हेंट मिळतील असं वाटतं. उरलेल्या पैशांतून घेऊ का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. निदान या चार महिन्यांत तरी नाही.

तुम्ही ज्या कामाच्या मागे लागला आहात ते एका बॉडीवर करूच नये असं काम आहे. या धंद्यात कामं दोन प्रकारची असतात : बिघडलं तर पुन्हा घेता येतं ते, आणि बिघडलं की गेलं ते. लग्न, परिषद, स्टेज शो, बक्षीस समारंभ हे सगळं दुसऱ्या प्रकारात येतं. तिथे शटर अडकलं किंवा मेमरी कार्डाने दगा दिला तर माफी मागण्यापलीकडे हातात काही राहत नाही. म्हणून इव्हेंटवाले दोन बॉडी, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा, जादा फ्लॅश आणि शक्यतो दुसरा माणूस घेऊन जातात, आणि त्यांचा रेटही त्या हिशेबाने असतो. नव्या शहरात तुमचं नाव एकाच कामावर अवलंबून असताना ही जोखीम अंगावर घेण्यात शहाणपण नाही. हेडशॉट (एकेका माणसाचा चेहऱ्याचा फोटो), प्रॉडक्ट, ऑफिसांचं आणि घरांचं इंटिरियर ही पहिल्या प्रकारातली कामं. कॅमेरा बंद पडला तर ओशाळं व्हायला होतं, पण दुसऱ्या दिवशीची वेळ मागता येते. सुरुवात इथून करा.

त्यातही तुमच्या सामानाला सगळ्यात जवळचं काम म्हणजे ऑफिसात जाऊन काढायचे हेडशॉट. सल्लागार, वकील, आर्किटेक्ट, दवाखाने, सॉफ्टवेअर कंपन्या या सगळ्यांच्या वेबसाइटवर टीमचं एक पान असतं आणि ते बहुतेक वेळा विस्कटलेलं असतं : कुणाचा सेल्फी, कुणाचा भिंतीला टेकून काढलेला, कुणाचा फोटोच नाही. शिवाय नवीन माणसं येत राहतात. पहिला लॉट तुम्ही नीट केलात तर पुढच्या तीन-चार माणसांसाठीही तुम्हालाच बोलावतात, कारण नवा फोटो जुन्यांशी जुळायला हवा असतो. या कामातली खरी कमाई त्या जुळण्यातच आहे.

यासाठी लागणारं सामान ७०-२०० च्या किमतीच्या एका लहानशा हिश्शात बसतं. दोन लाइट स्टँड, १०० सेमीच्या आसपासची फ्लॅशपुढे लावायची पांढरी आरपार छत्री, रेडिओ ट्रिगर (फ्लॅश बिनतारी उडवणारा), बॅकड्रॉपवर मारायला एक साधा मॅन्युअल फ्लॅश, घडी होणारा करडा बॅकड्रॉप, रिफ्लेक्टर, दोन वाळूच्या पिशव्या, गॅफर टेप (डाग न ठेवता निघणारी कापडी टेप), ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) आणि पाच मीटरची मोजपट्टी. वाळूच्या पिशव्या कुणी आणत नाही आणि नेमका तोच स्टँड एसीच्या झोतात किंवा कुणाच्या पायात अडकून कोसळतो. छत्री म्हणजे शिडच. रिकाम्या स्टँडवर उभी केली की पडणारच.

मांडणी अशी करा. माणूस बॅकड्रॉपपासून दीड मीटर पुढे, म्हणजे सावली मागे पडत नाही आणि कापडाच्या चुण्या धूसर होतात. छत्री चेहऱ्यापासून सव्वा मीटरवर, कॅमेऱ्याच्या रेषेपासून साधारण ४५ अंश बाजूला, तिचा मध्य डोळ्यांच्या वर वीतभर-दोन वीत. दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टर. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दीड ते दोन मीटर लांब, लेन्स ७० मिमीवर. ५० मिमी तशीच पिशवीत राहू द्या. ती वाईट नाही, पण चौकट भरायला तुम्ही नकळत पुढे सरकता, आणि अंतर कमी झालं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष अंतराचा आहे, लेन्सचा नाही. वापरायचीच झाली तर लांबच राहा आणि नंतर क्रॉप करा.

आकडे : एफ ८ (लेन्सचं छिद्र), शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, मुख्य फ्लॅश एक चतुर्थांश पॉवरवर. इथून सुरुवात करून वर-खाली करा. फुल पॉवरवर फ्लॅश चालवला तर रिचार्जला वेळ लागतो, आणि सगळ्यात चांगला भाव चेहऱ्यावर येतो तो नेमका त्या रिकाम्या सेकंदांत. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटो ठेवू नका. ५५०० केल्व्हिनवर पक्का करा आणि पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड धरा. नाहीतर निळा शर्ट आला की त्वचा एका रंगाची, लाल साडी आली की दुसऱ्या रंगाची, आणि रात्री चाळीस चेहरे हाताने जुळवत बसावं लागेल.

माणूस बसवण्याआधी एक चाचणी घ्या. फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फ्रेम. ती जवळपास काळी आली पाहिजे. काळी आली नाही तर ऑफिसातले दिवे तुमच्या फोटोत शिरतायत, आणि ते सावल्यांमध्ये हिरवट-पिवळट झाक सोडतात. आयएसओ उतरवा, फ्लॅश चढवा किंवा डोक्यावरचे दिवे बंद करून घ्या. कधी फ्लॅशशिवाय काढायची वेळ आलीच, तर लक्षात ठेवा की ५० हर्ट्झ विजेवर साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. शटर त्याच्याशी जुळतं ठेवा : ५० हर्ट्झवर १/५० किंवा १/१००, ६० वर १/६० किंवा १/१२५. आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद. फोटोवर आडवे पट्टे येतात ते बहुतेक वेळा त्याच्यामुळेच, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसतातच असं नाही.

चष्म्यात छत्री दिसायला लागली तर ती आणखी वर आणि बाजूला न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा सेंटीमीटर उचलायला सांगा. काचा खाली कलतात आणि चमक निघून जाते. तेलकट कपाळासाठी टिश्यू जवळ ठेवा. कॅमेऱ्यासमोर पुसलेलं कपाळ फोटोशॉपमधल्या कपाळापेक्षा केव्हाही बरं.

एका माणसाला सहा-सात मिनिटं धरा. तासाला आठ. चाळीस माणसं म्हणजे मांडणी, जेवण आणि उशिरा येणारे धरून पूर्ण दिवस. एचआरने ‘साठ जण होतील ना?’ विचारलं तर होणार नाहीत, हे आधीच सांगा. यादी आदल्या दिवशी मागवा आणि प्रत्येकाची पहिली फ्रेम हातात नावाची चिठ्ठी धरून काढा, कारण चाळीस अनोळखी चेहऱ्यांना नावं लावताना चूक होतेच, आणि वेबसाइटवर एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव गेलं तर बाकीचं सगळं चांगलं काम कुणाला आठवत नाही. रिटचिंगची एक सोपी रेघ आखा : पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, म्हणजे पुरळ, शर्टावरचा दोरा, उडालेला केस. कायमचं आहे ते, म्हणजे तीळ किंवा व्रण, मालकाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि आवरण्याआधी मोजपट्टी काढा. छत्रीचं अंतर, स्टँडची उंची, बॅकड्रॉपचं अंतर, दोन्ही फ्लॅशची पॉवर, एफ नंबर, आयएसओ हे सगळं लिहून ठेवा आणि बाजूने मोबाइलवर मांडणीचा एक फोटो घ्या. अंतर इतकं जपायचं कारण, छत्री एक मीटरवरून दोन मीटरवर गेली तर उजेड निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो, आणि चेहऱ्यावरच्या सावल्यांच्या कडाही कडक होतात. तीन महिन्यांनी दोन नव्या माणसांसाठी बोलावणं आलं की हा कागद तुमच्या उपयोगाचा.

आधी नमुने हवेत. शेजारी राहणारे, जिमचा ट्रेनर, नाक्यावरचा फार्मासिस्ट, सोबत राहणारी मुलं अशी दहा-बारा माणसं बसवा आणि त्यांना एकेक फोटो द्या. वेबसाइटवर वापरणार असाल तर त्यांची लेखी परवानगी घ्या. फुकट काम करायचं ते एवढंच, कारण इथे विषय, वेळ आणि निवड तुमची. ‘नाव होईल’ म्हणणाऱ्यांचं काम वेगळं. तिथे सगळं त्यांच्या मनासारखं आणि हमाली तुमची, आणि पुढच्या वेळी पैसे आले की ते पैसे घेणाऱ्या फोटोग्राफरकडेच जातात. एखाद्या संस्थेचं काम मनापासून करावंसं वाटलं तर जरूर करा, पण पूर्ण रकमेचं बिल बनवून त्यात शंभर टक्के सवलत दाखवा. कामाची किंमत समोरच्याला कागदावर दिसते.

इव्हेंटचा चार वर्षांचा हात वाया घालवायचा नाही. तो दुसऱ्याच्या जोखमीखाली विका : असिस्टंट किंवा सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा) म्हणून. शहरात जे तुम्हाला आवडेल ते काम करणारे वीस फोटोग्राफर शोधा आणि प्रत्येकाला तीन ओळी लिहा : काय येतं, कुठली बॉडी आहे, कुठले दिवस मोकळे आहेत. ‘तुमच्याकडून शिकायचंय’ एवढंच लिहू नका. त्यांना शिकाऊ नको असतो, स्टँड न सांगता वाळूने दाबणारा आणि केबल टेपने चिकटवणारा हवा असतो. तिथले नियम लेखी नसतात पण कडक असतात. अर्धा तास आधी पोहोचा. त्यांच्या क्लायंटला स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड देऊ नका. पडद्यामागचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. मेमरी कार्ड भरलं की ते कुठे ठेवायचं हे सकाळीच ठरवून घ्या. रोजंदारी मिळते ती मिळतेच, पण त्याहून महत्त्वाचं हे की कोण किती रेट लावतो, भाड्याने चांगलं सामान कुठे मिळतं, कुठली एजन्सी पैसे थकवते हे सहा-सात दिवसांत कळतं. आणि त्या मोठ्या फोटोग्राफरांकडे येणारी लहान कामं, जी ते घेत नाहीत, ती कुणाकडे तरी पाठवायची असतात.

७०-२०० लागेल तेव्हा भाड्याने आणा आणि भाडं बिलात लावा. फक्त भाड्याच्या दुकानात आजच जाऊन खातं उघडा. नव्या गिऱ्हाइकाला कागदपत्रं आणि डिपॉझिट लागतं, ते शूटच्या आदल्या संध्याकाळी जमत नाही. लेन्स हातात घेतली की काउंटरवरच पुढच्या-मागच्या काचेचे फोटो काढा आणि फोकस तपासा, नाहीतर आधीचा ओरखडा तुमच्या नावावर. एकाच वस्तूचं भाडं वर्षभरात तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर गेलं की मग विकत घ्यायचा विचार.

रोज फोटो टाकण्याबद्दल. लाइक करणारे बहुतेक फोटोग्राफरच असतात, आणि फोटोग्राफर फोटोग्राफरला काम देतो ते वर सांगितलं त्या वाटेने. विकत घेणारे म्हणजे एचआर, ऑफिस मॅनेजर, मार्केटिंगवाले, आर्किटेक्ट. ते आठवड्याला एकदा वेबसाइट बघतील तर बघतील. त्यामुळे एका पानावर एकाच कामाचे १५ ते १८ फोटो ठेवा, लग्नाचे त्यात मिसळू नका, आणि शंका असलेला फोटो काढून टाका. चौदा चांगल्या फोटोंत एक बरा असला की बघणारा तुम्हाला त्या बऱ्यावर मोजतो. मग ईमेल. मोठ्या फाइली जोडायच्या नाहीत, एक लहान फोटो आणि एक लिंक पुरे. मजकूर साधारण असा :

‘नमस्कार. मी ऑफिसात येऊन टीमचे हेडशॉट काढतो. तुमच्या वेबसाइटवर टीमच्या पानावर पाच जणांचे फोटो नाहीत आणि बाकीचे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर आहेत. तीन बाय चार मीटरची मोकळी जागा पुरते, प्लगही लागत नाही, आणि प्रत्येकाची सात मिनिटं जातात. नमुने या लिंकवर आहेत. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

दुसऱ्या वाक्यासाठी खरोखर त्यांची वेबसाइट बघावी लागते. म्हणूनच ते वाक्य चालतं. दिवसाला पाच पाठवा, पन्नास नकोत. उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी एक आठवण, मग दीड महिन्याने एक. त्यापुढे तगादा होतो.

आता रेट. तुम्ही गडबडता कारण आकडा समोरच्याच्या चेहऱ्यावरून काढता. तो तुमच्या खर्चातून काढा. महिन्याचा घरखर्च, म्हणजे भाडं, खाणं, प्रवास, घरी पाठवायचे पैसे, १०० धरा. वर्षाचे झाले १२००. त्यात धंद्याचा खर्च मिळवा : बॉडी चार वर्षांत आणि लॅपटॉप पाच वर्षांत बदलावा लागेल त्याचा वर्षाचा हिस्सा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, दुरुस्ती, हिशेबनीस. समजा ४८०. कर आणि आजारपणासाठी बाजूला ठेवायचे ३२०. एकूण २०००. आता भागायचं कशाने? इथे सगळे फसतात. वर्षात कामाचे अडीचशे दिवस असले तरी बिल लागतं ते त्यातल्या थोड्याच दिवसांचं, कारण शूटच्या एका दिवसामागे एडिटिंगचा दिवस-दीड दिवस, शिवाय ईमेल, भेटी, वसुली. पहिल्या वर्षी ६० दिवस धरा. २००० भागिले ६० म्हणजे ३३. तुमचा दिवसाचा किमान रेट महिन्याच्या घरखर्चाच्या एक तृतीयांश असला पाहिजे. १०० दिवस मिळायला लागले की तो २० वर येऊ शकतो, किंवा तो न उतरवता नफा होतो. तुमचे खरे आकडे घालून हे गणित आज रात्री करा. अर्ध्या दिवसाचा रेट निम्मा ठेवू नका, ६० ते ६५ टक्के ठेवा, कारण उरलेला अर्धा दिवस विकला जात नाही.

या किमान रेटच्या खाली जायचं असेल तर काम कमी करून जा. चाळीसऐवजी पंचवीस माणसं, दोनऐवजी एक पार्श्वभूमी. त्याच कामाचा आकडा नुसता उतरवला की आधीचा आकडा खोटा होता असं समोरच्याला वाटतं, आणि घासाघीस पुढच्या प्रत्येक कामाला मागे लागते.

फोनवर आकडा सांगायचाच नाही. ‘दोन-तीन गोष्टी विचारतो आणि संध्याकाळपर्यंत लेखी कोटेशन पाठवतो’ एवढंच. मग विचारा : किती तयार फोटो हवेत, कुठे वापरणार (वेबसाइट, जाहिरात, होर्डिंग), किती काळ, कधीपर्यंत हवेत, आणि शेवटी ‘हो’ कोण म्हणणार. शेवटचा प्रश्न विसरू नका. शूटला एक माणूस हजर असतो आणि पंधरा दिवसांनी ज्याने काही पाहिलंच नाही असा साहेब ‘पार्श्वभूमी निळी हवी होती’ म्हणतो.

कोटेशनमध्ये शूटची फी, तयार फोटोंची संख्या, जादा फोटोचा दर, दुरुस्तीच्या फेऱ्या (दोन पुरेत), प्रवास आणि भाडं, फोटो देण्याची तारीख, वापराची मुदत आणि जागा हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. निम्मे पैसे तारीख पक्की करताना. पैसे येईपर्यंत तारीख पक्की नाही असं स्पष्ट लिहा. ४८ तासांच्या आत रद्द केलं तर निम्मी फी, २४ तासांच्या आत पूर्ण. रॉ फाइली (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) दिल्या जाणार नाहीत हेही इथेच लिहा, कारण नंतर सांगितलं की ते भांडण वाटतं. रॉ दिली की कुणीतरी ती फिल्टर लावून बिघडवतो आणि नाव तुमचं राहतं.

हक्कांचं लेखी असण्याला कारण आहे. कॉपीराइट नोंदणीशिवायही फोटो काढला त्या क्षणी तयार होतो, १८८६ च्या बर्न करारातल्या सगळ्या देशांत. पण तो कुणाचा, हे देशागणिक बदलतं. काही देशांत फोटोग्राफरचा, तर काही देशांत पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट लिहिलेलं नसेल तर, गिऱ्हाईकच ठरतं. एका पानाचा करार हा प्रश्न शूटच्या आधी मिटवतो.

फोटो देताना दोन संच द्या. वेबसाइटसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग, एसआरजीबी रंगपद्धतीत. छपाईसाठी पूर्ण आकार. ए-४ पान ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याला चिंता नाही. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत जेपेग पाठवलं तर बऱ्याच ठिकाणी ते फिकं दिसतं आणि ‘रंग उडालेत’ अशी तक्रार येते. प्रत्येक फाइलच्या मेटाडेटात (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) नाव, ईमेल आणि हक्काची ओळ घाला. इम्पोर्ट करताना प्रीसेट लावला की वेगळा वेळ जात नाही.

बॅकअपची शिस्त पहिल्या कामापासून : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. २४ मेगापिक्सेलची रॉ २५-३० एमबीची धरली तर हजार फ्रेम म्हणजे ३० जीबीच्या आत, अवघड काही नाही. रात्री कार्डावरून लॅपटॉपवर आणि बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन्हीकडे फाइली उघडून बघा, तिसरी प्रत क्लाउडवर लावून झोपा. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि करायचं तेव्हा कॅमेऱ्यातच. लॅपटॉप आणि डिस्क एकाच बॅगेत घेऊन फिरू नका. बॅग चोरीला गेली तर दोन्ही प्रती गेल्या. विमा घेताना बंद गाडीतून झालेली चोरी धरली आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. सिरियल नंबर आणि बिलांचे फोटो वेगळे ठेवा.

शिल्लक चार महिन्यांची आहे असं तुम्ही म्हणता, पण धंद्याच्या हिशेबाने ती अडीच महिन्यांचीच. मोठ्या कंपन्या बिल मिळाल्यावर ३० ते ६० दिवसांनी पैसे देतात, एजन्सी कधी त्याहून उशिरा. व्हेंडर नोंदणी किंवा खरेदी आदेशाचा नंबर राहून गेला तर मोजणी सुरूच होत नाही. म्हणून शूटच्या आधीच विचारा की बिल कुणाच्या नावाने आणि कुठल्या नंबरसह लागतं, आणि फोटो देता त्याच दिवशी बिल पाठवा. लहान गिऱ्हाइकांकडून उरलेले पैसे मोठ्या आकाराच्या फाइली देण्याआधी घ्या. शिल्लक दोन महिन्यांवर आली आणि महिन्याला चार तरी पैसे देणारे दिवस लागलेले नसतील, तर आठवड्याचे तीन दिवस एखाद्या ई-कॉमर्स स्टुडिओत प्रॉडक्ट शूटची नोकरी धरा. दिवसाला शंभर वस्तू एकसारख्या उजेडात काढायची सवय हेडशॉटला थेट कामी येते, आणि भाड्याची काळजी मिटली की फोनवर कमी आकडा तोंडातून निसटत नाही.

बाहेर शूट करताना ट्रायपॉड उभा केला की बऱ्याच ठिकाणी तुम्ही कमर्शियल ठरता. स्टेशन, मॉल, बागा, ऑफिस संकुलांची आवारं यांची परवानगी आधी काढा आणि तिची फी कोटेशनमध्ये लावा.

शहरात नव्याने आलेल्यांना हेरणारी एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. अनोळखी माणूस ईमेलवर मोठं काम देतो, घासाघीस करत नाही, भेटायला किंवा फोनवर बोलायला टाळतो, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि ‘वरचे पैसे मेकअप आर्टिस्टला तेवढे पाठवा’ म्हणतो. चेक काही दिवसांनी परत येतो आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात. अशा वेळी पैसे पक्के जमा झाले का हे बँकेत विचारून घ्या, आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तिसऱ्या कुणाला तुमच्या खात्यातून एक पैसाही पाठवू नका.